मदत हवी आहे: नदीकाठी रोपं लावावीत की काठाला आधी विसावा द्यावा?

नमस्कार मंडळी. एका छोट्या नदीचा उघडा पडलेला काठ पुन्हा हिरवा करायचा आम्ही काही जणांनी ठरवलंय. उन्हाळे कडक होत चाललेत आणि सावली गेली की उथळ पाणी फार लवकर तापतं. २० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. मासे, खेकडे, पाण्यातले किडे यांचा जीव एवढ्याशा फरकावर टिकून असतो, म्हणून मला सावलीचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. शिवाय काठाच्या झाडीच्या आडोशानेच जंगली जनावरं एका रानातून दुसऱ्या रानात जातात.

गटातल्या निम्म्या जणांना लगेच रोपं लावायची आहेत. मला वाटतं, आधी दोन पावसाळे चराई थांबवावी, जुन्या खोडांना आणि मातीतल्या बियांना फुटू द्यावं. पण तेवढ्यात मोठा पूर आला आणि काठच खचला तर?

हे प्रत्यक्ष कुणी केलंय का? काठावर झाडीसाठी सोडलेली पट्टी किती रुंद ठेवलीत? गुरं राखणाऱ्यांशी बोलणं कसं काढलंत? त्यांना दुखवून काहीच करायचं नाहीये.