छायाचित्रात आपली स्वतःची नजर कुठून येते?

तापीकाठ (रावेर)

नमस्कार. मी गेली आठ वर्षे छायाचित्रण करतो आहे. सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, अजिंठ्याच्या लेण्यांत शिरणारा उजेड आणि तोरणमाळचे धुके मी अनेकदा टिपले असून काही चित्रांना बक्षिसेही मिळाली आहेत. मागच्या महिन्यात मात्र एका प्रदर्शनात माझ्या घोड्याच्या चित्राशेजारी दुसऱ्या कुणाचे तसेच चित्र लागले होते. तीच उधळलेली धूळ, तीच मावळतीची तिरीप. त्यांतले माझे कोणते, हे क्षणभर मलाही ओळखता आले नाही. तेव्हापासून कॅमेरा उचलावासा वाटत नाही. लेन्स, शटर, प्रकाशाचे मोजमाप हे सारे शिकून जमले, पण पाहणाऱ्याने नाव न वाचता माझे म्हणून ओळखावे असे माझ्याकडे एकही चित्र नाही. प्रेरणेसाठी लडाखला जाऊन ये, असे मित्र सुचवतात. तिथूनही मी दुसऱ्यांचीच चित्रे घेऊन परतेन, अशी भीती वाटते. ज्यांनी या वाटेवर बरीच वर्षे घालवली आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

भाऊ, तुमची भीती रास्त आहे आणि ती वाटली हे चांगलेच झाले. लडाखचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आमच्या गावात कलामहर्षी केकी मूस राहत. १९१२ साली मुंबईत जन्मलेले हे गृहस्थ इंग्लंडहून शिकून परतल्यावर चाळीसगावच्या आपल्या बंगल्यात राहिले आणि १९८९ मध्ये निधन होईपर्यंत क्वचितच त्याबाहेर पडले. त्यांना सर्वाधिक ख्याती मिळाली ती टेबलटॉप छायाचित्रांसाठी, म्हणजे घरातल्या टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडून उभ्या केलेल्या दृश्यांसाठी. महाविद्यालयात असताना मी तो बंगला प्रथम पाहिला. एका निसर्गदृश्यापुढे मी बराच वेळ उभा होतो; ते उघड्यावरचे नसून टेबलावरचे आहे असे समजल्यावर परत फिरून पुन्हा पाहिले, तरी डोळ्यांना ते पटेना. त्या माणसाला जे पाहायचे होते ते आधी मनात पक्के झालेले होते आणि कॅमेरा नंतर आला, असे मला त्या दिवशी वाटले व आजही वाटते. रावेरहून चाळीसगाव दूर नाही. एकदा अवश्य या.

पांझराकाठ (धुळे)

केकी मूस यांच्याविषयी मलाही नितांत आदर आहे, परंतु नवशिक्यांना त्यांचे उदाहरण देताना आपण एकांतावर फार भर देतो असे माझे मत आहे. दार लावून बसल्याने दृष्टी येत नाही; एका गोष्टीकडे पुन्हा पुन्हा गेल्याने येते. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन याने १९३० साली टिपलेली ढोबळी मिरची जगभर ओळखली जाते. पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडाशी ठेवलेली ती मिरची पाठीच्या वळणदार स्नायूंसारखी दिसते. तिचे नाव आहे ‘मिरची क्रमांक ३०’. तो आकडा महत्त्वाचा आहे, कारण त्याआधी बऱ्याच मिरच्या त्याच्या कॅमेऱ्यासमोर येऊन गेल्या होत्या.

तुम्हाला एक काम सुचवतो. बक्षीसपात्र चित्रे बाजूला ठेवून, स्पर्धेला कधीच न पाठवलेली साठेक चित्रे निवडा, त्यांच्या पोस्टकार्डाएवढ्या प्रती काढा आणि घरातल्या फरशीवर पसरून आठवडाभर तशाच राहू द्या. मोबाइलच्या पडद्यावर हे साधत नाही, कारण तिथे एका वेळी एकच चित्र दिसते. जाता-येता पाहत राहा. कुणी सांगितलेले नसताना, बक्षिसाची आशा नसताना तुम्ही कशाकडे वळला होतात, ते त्यांत सापडेल. मला स्वतःला ते सापडायला दोन वर्षे लागली, कारण नापसंत चित्रे मी पुसून टाकत असे. त्याची हळहळ अजून वाटते.

तापीकाठ (रावेर)

दोघांचेही मनापासून आभार. मी ६४ प्रती काढून ओसरीवर मांडल्या. चौथ्या दिवशी आई त्यांतून वाट काढत जाताना थांबली आणि म्हणाली, “एवढे सदरे कशाला काढलेस रे?” तोवर माझ्या ते ध्यानातही आले नव्हते. अकरा चित्रांत, कुठे मध्यभागी तर कुठे कोपऱ्यात, केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांचे सदरे आहेत. घड कापला की दांड्यातून चीक गळतो. ओला असताना तो पाण्यासारखा दिसतो, पण वाळला की तपकिरी काळपट होतो आणि कितीही धुतले तरी जात नाही. ज्या खांद्यावर घड घेतात तिथे डाग सर्वांत दाट असतो आणि पाठीवर त्याचे ओघळ उतरलेले असतात. दोरीवर वाळत घातलेल्या एका पांढऱ्या सदऱ्यावर ते ओघळ नकाशावरच्या नद्यांसारखे दिसतात. माझे वडीलही असाच सदरा घालत. तो लहानपणापासून डोळ्यांसमोर असल्यामुळेच बहुधा मी त्याला चित्राचा विषय मानले नव्हते. आता हे काम वर्षभर करायचे ठरवले आहे. ते कृष्णधवल करावे की रंगीत?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

रंगीतच करावे. चिकाचा तपकिरी रंग आणि घामाचा पिवळटपणा कृष्णधवलात एकमेकांत मिसळून जातील, आणि तुमचा विषय तर त्या दोहोंमधल्या फरकातच आहे. भर उन्हात पांढऱ्या कापडावरचे बारकावे उडून जातात, म्हणून ढगाळ दिवशी किंवा भिंतीच्या सावलीत टिपावे. कॅमेऱ्याचे मोजमाप पांढऱ्याला राखाडी करू पाहते, तेव्हा अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) जास्त प्रकाश द्यावा. सदरे धुऊन वाळत घातलेले असोत की अंगावर असोत, ज्यांचे आहेत त्यांना आधी विचारावे आणि प्रत्येकाला त्याच्या सदऱ्याची एक प्रत नेऊन द्यावी. पहिली दहा चित्रे झाली की इथे दाखवा. मी वाट पाहतो आहे.