प्रतिसाद: कटला दोन वर्षांतही किलोभर होत नाही

दादा, खाद्य वाढवू नका, आधी मासे कमी करा. तुमच्या वीस गुंठ्यांच्या तळ्यात तीन हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) म्हणजे फारच दाटी. आमच्या लाखनीकडच्या (भंडारा जिल्हा) बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, मीही हेच केलं होतं, आणि दोन वर्षं हातभर लांबीचा एकही मासा दिसला नाही. शेवटी जाळं टाकून निम्म्याहून जास्त विकले. उरलेल्यांनी पुढच्या पावसाळ्यानंतर जे अंग धरलं, ते पाहून घरचे सगळे पाळीवर येऊन उभे राहिले!

अमेरिकेत लार्जमाउथ बास मोठा करणारे तळेमालकही उरलेल्यांना खाणं पुरावं म्हणून छोटे बास मुद्दाम काढून टाकतात. तो शिकारी मासा, त्याला खायला लहान मासे लागतात. आपला कटला मात्र वरच्या थरातल्या सूक्ष्म जीवांवर जगतो, म्हणून पाण्याला हलका हिरवा रंग हवा. तो शेणानं येतो, पण शेण बेतानं टाका. मे महिन्यात पाणी उतरतं, तापतं, आणि पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले, की शेण-खाद्य थांबवून लगेच मोटर लावा, पाणी उंचावरून पडू द्या.

आणि तळ्यात मरळ (लहान मासे खाणारा शिकारी मासा) शिरली असेल तर नवी बोटुकली टाकण्याआधी ती काढाच.