पुढच्या हंगामाची पहिल्या फेरीची निवड विकण्याचा अधिकार नेमका कोणाला असावा?

काळानिळा (प्रश्न)

मी अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधील (एनएफएल) कॅरोलायना पँथर्स या संघाचा चाहता आहे. हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनातून जात नाही, म्हणून तो जरा सविस्तर मांडतो. मार्च २०२३ मध्ये आमच्या संघाने शिकागो बेअर्सकडून ड्राफ्टमधील पहिल्या क्रमांकाची निवड घेतली. (ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची दरवर्षी फेऱ्याफेऱ्यांनी होणारी निवड, जीत आदल्या हंगामातला सर्वांत दुबळा संघ आधी निवडतो.) तिच्या बदल्यात त्या वर्षीची नववी आणि एकसष्टावी निवड, २०२४ ची पहिल्या फेरीची निवड, २०२५ ची दुसऱ्या फेरीची निवड आणि शिवाय डी. जे. मूर हा आमचा सर्वांत भरवशाचा रिसीव्हर दिला. त्या निवडीतून आम्ही ब्राइस यंग हा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, घेतला. म्हणजे ज्या तरुणावर संघाची सगळी भिस्त ठेवायची, त्याचे पास झेलणारा माणूसच आम्ही किमतीपोटी देऊन बसलो, आणि हे मला तेव्हाही खटकले होते.

त्या हंगामात आम्ही २ सामने जिंकलो आणि १५ हरलो. दुबळ्या संघाच्या चाहत्याला एरवी एवढा तरी दिलासा असतो की हरलो तर पुढच्या ड्राफ्टमध्ये वरची जागा मिळेल. आमचा मात्र प्रत्येक पराभव शिकागोच्या खात्यात जमा होत होता. ३१ डिसेंबर २०२३ रोजी जॅक्सनव्हिलने आम्हाला २६-० असे हरवले आणि त्याच दिवशी २०२४ ची पहिली निवड शिकागोचीच, हे नक्की झाले. तो सामना मी शेवटच्या मिनिटापर्यंत पाहिला आणि माझ्याच संघाचा धावफलक पाहताना मला दुसऱ्या संघाचे भले होताना दिसत होते. पुढच्या आठवड्यातल्या शेवटच्या सामन्यातही आम्हाला एक गुण मिळाला नाही. शिकागोने त्या निवडीतून केलेब विल्यम्सला घेतले.

माझी तक्रार यंगबद्दल नाही. २०२५ मध्ये ८ विजय आणि ९ पराभवांवर का होईना, त्याच्यासह आम्ही आमचा विभाग, म्हणजे लीगमधला आमचा चार संघांचा गट, जिंकला. माझी तक्रार अशी आहे की ज्यांनी हा व्यवहार केला ते त्याचे परिणाम भोगायला थांबलेच नाहीत. अकरा सामन्यांनंतर मालक डेव्हिड टेपर यांनी मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइक यांना काढले आणि हंगाम संपताच खेळाडूंचे व्यवहार पाहणारे जनरल मॅनेजर स्कॉट फिटरर यांनाही. त्याआधी २०१९ मध्ये रॉन रिवेरा आणि २०२२ मध्ये मॅट रूल यांनाही हंगाम चालू असतानाच जावे लागले होते. ज्याची नोकरी पुढच्या वर्षी राहील याची खात्री नाही, त्याला पुढच्या दोन-तीन वर्षांच्या निवडी खर्च करण्याची मोकळीक का असावी? आणि ती मोकळीक देणारा मालक असेल, तर असे व्यवहार त्याचेच समजायचे की नाही?

गणिती

तुमची व्यथा समजते, परंतु त्या व्यवहाराची चूक नेमकी कोठे होती हे आकड्यांत पाहिले तर प्रश्न अधिक स्पष्ट होईल. जिमी जॉन्सन प्रशिक्षक असताना १९९० च्या दशकाच्या आरंभी डॅलस काउबॉइजने निवडींच्या मोलाचा जो तक्ता तयार केला, त्यात पहिली निवड ३००० गुणांची, नववी १३५० ची आणि एकसष्टावी २९२ ची आहे. म्हणजे त्या वर्षीच्या दोन निवडींनी तुमच्या संघाने १६४२ गुण भरले आणि उरलेले मूर व पुढच्या निवडींमधून. आता रिवाज असा की पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड ही या वर्षीच्या दुसऱ्या फेरीच्या मध्यावरील निवडीइतकी धरायची. दुसऱ्या फेरीच्या मध्यावरची, म्हणजे अठ्ठेचाळिसावी निवड, तक्त्यात ४२० गुणांची आहे. कागदावर साधारण ४२० गुणांची म्हणून दिलेली वस्तू वर्षभराने ३००० गुणांची निघाली. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी नेमके हेच दाखवले आहे, की संघ अगदी वरच्या निवडींना त्यांच्या खऱ्या उपयोगापेक्षा जास्त भाव देतात आणि उद्याची निवड आज मातीमोलाने देऊन टाकतात.

तरीही पुढची निवड विकणे हे मुळातच चूक आहे, असे मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने सत्ताविसाव्या जागेवरून दहाव्या जागेवर येण्यासाठी बफलोला सत्ताविसावी, एक्याण्णवावी आणि २०१८ ची पहिल्या फेरीची निवड दिली आणि पॅट्रिक महोम्स घेतला. तो संघ आदल्या हंगामात १२ सामने जिंकलेला होता, अँडी रीड २०१३ पासून तेथे स्थिरावलेले होते आणि ॲलेक्स स्मिथ क्वार्टरबॅक म्हणून खेळत असल्यामुळे महोम्सला पहिल्या हंगामात एकाच सामन्याची सुरुवात करावी लागली. परिणामी बफलोला गेलेली २०१८ ची निवड बाविसावी ठरली. जो संघ स्वतःची पुढच्या वर्षीची निवड विकतो, तो आपल्याच पुढच्या हंगामावर पैज लावत असतो. चीफ्सला ती पैज परवडणारी होती, पँथर्सला नव्हती.

एक गोष्ट मात्र तुमच्या मुद्द्याच्या विरुद्ध जाते. महोम्सचा व्यवहार करणारे जनरल मॅनेजर जॉन डॉर्सी यांनाही ड्राफ्टनंतर दोनच महिन्यांत, जून २०१७ मध्ये, काढण्यात आले होते. व्यवहार करणारा गेला तरी प्रशिक्षक आणि घडी टिकली, म्हणून तो फळला.

वॉशिंग्टनचा जुना चाहता

गणिती यांनी घडीचा उल्लेख केला, तर ती घडी बसवणारा आणि मोडणारा मालकच असतो, हे आम्ही चोवीस वर्षे पाहिले. २०१२ मध्ये आमच्या संघाने रॉबर्ट ग्रिफिनसाठी दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळवताना सेंट लुइस रॅम्सला त्या वर्षीची सहावी निवड, दुसऱ्या फेरीची निवड आणि २०१३ व २०१४ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी दिल्या. पहिल्या हंगामात १० विजय आणि विभागाचे विजेतेपद मिळाले तेव्हा आम्हा सगळ्यांना तो सौदा स्वस्त वाटला होता. जानेवारी २०१३ च्या प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्यात ग्रिफिनचा गुडघा गेला, पुढच्या हंगामात आम्ही १३ सामने हरलो आणि २०१४ ची जी निवड रॅम्सकडे गेली ती दुसऱ्या क्रमांकाची निघाली.

डिसेंबर २०१४ मध्ये रॅम्स आमच्या मैदानावर खेळायला आले. नाणेफेकीसाठी त्यांचे प्रशिक्षक जेफ फिशर यांनी सहा कर्णधार पाठवले आणि ते सहाही जण आमच्याकडून मिळालेल्या निवडींतून आलेले खेळाडू होते. पंचांभोवती एका ओळीत उभे असलेले ते सहा तरुण मला आजही दिसतात. एका क्वार्टरबॅकची किंमत म्हणजे काय, हे त्या एका ओळीत मोजून पाहता येत होते. तो सामना आम्ही २४-० असा हरलो.

आता मालकाला याची झळ किती लागली ते पाहा. डॅनियल स्नायडर यांनी १९९९ मध्ये हा संघ सुमारे ८० कोटी डॉलरना घेतला आणि २०२३ मध्ये जॉश हॅरिस यांच्या गटाला तो ६०५ कोटी डॉलरना विकला. खेळाडू जायबंदी झाला, प्रशिक्षक गेले, दोन वर्षे पहिल्या फेरीत आम्ही नुसते बसून राहिलो, आणि तरीही संघाची किंमत वाढतच गेली, कारण दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा बत्तीसही संघांत सारखा वाटला जातो. चुकीचा व्यवहार मालकाला पैशात महाग पडतच नाही. नोकरी व्यवस्थापकाची जाते आणि वर्षे चाहत्यांची जातात. म्हणून काळानिळा यांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे, की एवढा मोठा व्यवहार मालकाच्या संमतीशिवाय होत नाही, तेव्हा तो त्याच्याच नावावर लिहिला पाहिजे.

नव्या मालकांच्या काळात, २०२४ मध्ये, पुन्हा दुसऱ्याच क्रमांकावर आम्ही जेडन डॅनियल्स घेतला. ती निवड आमचीच होती, आदल्या वर्षीच्या १३ पराभवांनी मिळालेली, त्यामुळे तिच्यासाठी काहीही द्यावे लागले नाही. त्या हंगामात १२ विजय मिळाले आणि संघ कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे लीगच्या उपांत्य सामन्यापर्यंत, गेला.

तिसरा प्रयत्न

दुबळ्या संघाने पुढची निवड कधीच विकू नये, हा नियम मला पटत नाही. २०२५ मध्ये जॅक्सनव्हिलने आदल्या हंगामात फक्त ४ सामने जिंकलेले असताना ट्रॅव्हिस हंटरसाठी क्लीव्हलँडला पाचवी निवड, दुसऱ्या फेरीची निवड आणि २०२६ ची पहिल्या फेरीची निवड दिली. प्रशिक्षक नवा होता आणि जनरल मॅनेजरही नवा. त्या हंगामात त्यांनी १३ सामने जिंकले, त्यामुळे क्लीव्हलँडच्या हाती पहिल्या फेरीच्या उत्तरार्धातली निवड आली. हंटर स्वतः अर्ध्याहून अधिक हंगाम दुखापतीमुळे बाहेर होता, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे संघ सुधारला तो ज्याच्यासाठी किंमत मोजली त्याच्यामुळे नव्हे. पैज जिंकली, पण वेगळ्याच घोड्यावर.

एक भागधारक

माझ्याकडे ग्रीन बे पॅकर्स या संघाचा एक भाग (शेअर) आहे. तो मी ३०० डॉलरना घेतला. त्यावर लाभांश मिळत नाही आणि तो बाजारात विकताही येत नाही. मिळते ते नाव छापलेले प्रमाणपत्र, वार्षिक सभेचे निमंत्रण आणि संचालक मंडळासाठी मत. पाच लाखांहून अधिक भागधारक असलेला हा संघ १९२३ पासून ना-नफा संस्था म्हणून चालतो आणि लीगच्या सध्याच्या नियमांनुसार दुसऱ्या कोणत्याही संघाला असा मालकीहक्क ठेवता येत नाही. कोणाची निवड करावी, कोणाला द्यावे, यात आम्हाला विचारले जात नाही, आणि विचारू नये असेच माझे मत आहे. परंतु रविवारच्या पराभवानंतर ज्याच्या अहंकाराला सोमवारी सकाळी उत्तर द्यावे लागेल, असा एकटा मालक आमच्याकडे नाही. २०२० मध्ये आमचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स ऐन भरात असताना आमच्या संघाने तिसाव्या जागेवरून सव्विसाव्या जागेवर येण्यासाठी चौथ्या फेरीची एक निवड दिली आणि जॉर्डन लव्हला घेतले. मी स्वतः तेव्हा रागावलो होतो. लव्ह तीन वर्षे बाकावर बसून शिकला आणि २०२३ मध्ये रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडे गेल्यावर त्याने जागा घेतली. अशी तीन वर्षे थांबण्याची मुभा किती मालक देतील, याची मला शंका आहे. अर्थात आमचा संघही खर्च करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये डॅलसकडून मायका पार्सन्सला आणताना पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि केनी क्लार्क आम्ही दिलेच. फरक एवढाच की पार्सन्स काय करू शकतो, हे साऱ्या लीगने चार हंगाम पाहिलेले होते.

काळानिळा यांच्या पहिल्या प्रश्नाबाबत मला बास्केटबॉलमधील नियम विचारात घेण्यासारखा वाटतो. क्लीव्हलँड कॅव्हलियर्सचे मालक टेड स्टेपियन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्या फेरीच्या निवडी इतक्या सढळपणे वाटल्या, की एनबीएला नियम करावा लागला आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढच्या लागोपाठ दोन वर्षांत पहिल्या फेरीची एकही निवड हाती नाही, अशी वेळ संघाला स्वतःवर आणता येत नाही. एनएफएलमध्ये असा नियम नाही. तो असावा.

गणिती

या नियमाने वॉशिंग्टनचा २०१२ चा व्यवहार अडला असता, हे खरे. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये ट्रे लान्ससाठी २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी मायामीला दिल्या, तोही अडला असता. परंतु ज्यांनी हा प्रश्न विचारला त्यांच्या संघाला त्याचा उपयोग झाला नसता. पँथर्सकडे २०२३ ची पहिल्या फेरीची निवड होती, २०२५ चीही होती, गेली ती फक्त २०२४ ची. आणि नुकसान त्या एकीनेच केले. उलट लॉस एंजेलिस रॅम्सने २०१७ ते २०२३ या सात ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकाही खेळाडूची निवड केली नाही आणि त्याच काळात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. हा नियम त्यांच्या आड आला असता.

काळानिळा

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल आभारी आहे. गणिती यांचा शेवटचा मुद्दा मी दोनदा वाचला आणि तो मान्य करणे भाग आहे. मी सरसकट मर्यादा मागत होतो, ती मागणी सोडतो. मालकाबद्दलचे माझे मत मात्र वॉशिंग्टनच्या मित्रांचे वाचल्यावर अधिक पक्के झाले आहे. प्रशिक्षकाला पूर्ण हंगामही द्यायचा नसेल, तर पुढच्या वर्षीची निवड विकण्याला मालकाने संमतीच देऊ नये.

बास्केटबॉलचा विषय निघालाच आहे, तर तेथील दुसरी एक पद्धत मला आपल्या उपयोगाची वाटते. तेथे निवड देताना ‘संरक्षित’ अट घालता येते, म्हणजे निवड अमुक क्रमांकाच्या आत आली तर ती देणाऱ्याकडेच राहते आणि घेणाऱ्याला पुढच्या वर्षीची मिळते. एनएफएलमध्ये अमुक सामने खेळला तर अमुक फेरी, अशा अटी घातल्या जातात, परंतु जागेचे असे संरक्षण घेण्याचा प्रघात नाही. आमच्या व्यवहारात पहिल्या पाच क्रमांकांपुरती जरी ही अट असती, तरी शिकागोला २०२४ ची नव्हे तर २०२५ ची निवड मिळाली असती. प्रत्यक्षात आमची २०२५ ची निवड आठवी होती. अट असती तर पुढचे सगळे तसेच घडले असते असे मी म्हणत नाही, कारण पहिल्या क्रमांकाचा खेळाडू हाती आला असता तर २०२४ चा हंगामही निराळा झाला असता. पण त्या ३१ डिसेंबरला २६-० चा तो पराभव निदान आमचा तरी राहिला असता.