'मराठवाड्यात पाहायला आहेच काय?' म्हणणाऱ्यांना सविस्तर उत्तर

बालाघाटी
परवा एका ताईंनी इथे विचारलं होतं : डिसेंबरात चार दिवस सुट्टी आहे, सोबत दोन मुलं आणि सासूबाई, मराठवाड्यात कुठे फिरावं? त्यावर 'सह्यकडा' यांनी लिहिलं, "वेरूळ-अजिंठा एका दिवसात उरका आणि सरळ कोकणात उतरा. बाकी मराठवाड्यात ऊन आणि धुरळा सोडून पाहायला आहेच काय?" त्याखाली अंगठ्यांचा पाऊस पडला. मला राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

पहिलं म्हणजे ते 'उरका'. संभाजीनगरपासून वेरूळ ३० किलोमीटर, अजिंठा १००, आणि दोन्हींचे रस्ते वेगळे. एका दिवसात दोन्ही करायचं तर २६० किलोमीटर गाडीतच जातात. वर वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, हे सांगायचं सुद्धा यांना सुचलं नाही. वेरूळला ३४ लेणी आहेत. लोक सोळा नंबरच्या कैलासासमोर फोटो काढतात आणि रसवंतीवर जाऊन बसतात. दहा नंबरात शिरा. आत बुद्धाची बसलेली मूर्ती आहेच, पण मान वर करून छत बघा. दगडात ओळीनं फासळ्या कोरल्यात, लाकडी घराला वासे असतात तशा. अखंड खडकाला वाशांची गरज काय? पण कोरणाऱ्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचं सुतारकाम मुरलेलं होतं. लेकराला हे दाखवा, तासभर मान खाली करणार नाही.

दुसरं, नळदुर्ग. सोलापूर-हैदराबाद हायवेवर आहे, म्हणजे आडवाट पण नाही. किल्ल्यात बोरी नदीवर बांध घातलाय, १६१३ सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळचा. त्या बांधाच्या पोटात पाणी महाल आहे. पाऊस चांगला झाला की नर आणि मादी असे दोन धबधबे बांधावरून कोसळतात, आणि त्याच वेळी तुम्ही महालात कोरडे उभे राहून ते पाणी समोरून पडताना बघू शकता. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी केलेलं काम आहे हे.

तिसरं, तेर. संत गोरोबाकाकांचं गाव. तिथलं त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, मागची बाजू अजून अर्धगोल आहे. लामतुरे संग्रहालयात रोमशी व्यापार होता त्या काळातल्या वस्तू मांडल्यात. हे सगळं 'ऊन आणि धुरळा' का?

सह्यकडा
माझं नाव घेतलंच आहे तर बोलतो. मी मराठवाड्याचा द्वेष्टा नाही, माझी सासुरवाडी परभणीची आहे. पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन फिरणाऱ्या बाईला तुम्ही इतिहास सांगताय. तिला हवी स्वच्छ खोली आणि संडास. दोन वर्षांमागं आम्ही एका तालुक्याच्या गावी किल्ला बघायला गेलो. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. चावी कुणाकडे विचारलं तर 'ते साहेब बाजाराला गेलेत'. माझ्या बायकोनं सगळा किल्ला तसाच बघितला आणि परतीच्या वाटेवर एका शब्दानं बोलली नाही. कोकणात घराघरात राहायची सोय आहे, जेवायला मिळतं. तुमच्याकडे लेणी हजार वर्षांची आणि पायवाटही तेवढीच जुनी.

गोदेकाठची लेक
संडासाबद्दल सह्यकडा दादा बोलले ते शंभर टक्के खरं, आणि बालाघाटी, तुमच्या लांबलचक उत्तरात त्याबद्दल एक अक्षर नाही. पुरुषांना ही अडचण कळत नाही, त्यांचं आडोशाला भागतं. बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत सहलीला जाताना. वेरूळ-अजिंठ्याला निदान सोय आहे. पितळखोऱ्याला जा बरं, पायऱ्या उतरून दरीत जायचं, वर येईपर्यंत दुपार.

तरीही पितळखोरं मी कुणाला चुकवू देणार नाही. अजिंठ्याच्या बहुतेक लेण्यांहून जुनी लेणी आहेत तिथं, आणि पावसाळ्यात आजूबाजूचं गौताळ्याचं पूर्ण जंगल हिरवंगार असतं. फक्त सासूबाईंना वर गाडीत बसवा.

नांदेडी
काय बोलायलात राव सगळे? मराठवाडा म्हणलं की संभाजीनगर, लई झालं तर धाराशिव. नांदेड, हिंगोली, परभणी नकाशातून उडाले की काय? गुरू गोविंदसिंगजी १७०८ ला नांदेडातच ज्योतीजोत समावले, सचखंड हुजूर साहिब शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी एक. पंजाबातून लोक रेल्वेनं येतात आणि लातूरचा माणूस अजून नांदेडला आला नसतो! लंगरात कुणीबी बसावं, जात न् धर्म कुणी विचारत नाही. किनवटकडं जाताना सहस्रकुंडचा धबधबा, पैनगंगेवर. पुढं माहूरची रेणुकामाता. कंधारचा किल्ला राष्ट्रकूटांच्या वेळचा, खंदकात आजबी पाणी. देगलूरजवळ होट्टलची चालुक्यांची देवळं, एवढी बारीक नक्षी की बघतच राहावं. हे एकाच जिल्ह्यात. चार दिवस पुरत नाहीत.

जालनेकर
लोणार पण धरा यादीत. जालन्याहून सकाळी निघायचं, वाटेत सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान, दुपारी लोणार, रात्री घरी.

नांदेडी
लोणार बुलढाण्यात आहे, दादा. विदर्भात. आपलं नाही ते.

जालनेकर
सरोवर उल्कापातानं झालं, जिल्ह्याची हद्द माणसांनी आखली. जालन्याच्या माणसाला लोणार जवळ पडतं, तर तो जाणार. मी कुठं सातबारा मागितला?

बालाघाटी
ताई, डिसेंबरच ठरत असेल तर एक सांगतो. आमच्या भागात हुरडा त्याच सुमाराला सुरू होतो. एक दुपार एखाद्या शेतात घालवा. जायकवाडीवर पक्षी आलेले असतात, पैठणला नाथांचं दर्शन घ्या आणि संध्याकाळी हुरडा. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असलेच तर लेकरांना आणखी काही दाखवायची गरज पडणार नाही.

पुणेस्थित औसेकर
हुरडा म्हणाल तर सांभाळून. मागच्या हिवाळ्यात एका 'कृषी पर्यटन केंद्रा'त गेलो. माणशी जवळपास हजार रुपये! गाडी लावायचे वेगळे. आमच्या आजोबांच्या शेतात अख्खं गाव हुरडा खायला यायचं, पाव्हण्याकडून पैसे घ्यायची कल्पना सुद्धा कुणी केली नसती. खाऊ घालण्याचे पैसे लावणं ही आपल्या मातीची रीत नव्हे. मराठवाड्याचं पर्यटन म्हणजे हेच असेल तर कोकण बरं.

गुळभेंडी
औसेकर, मी भूम तालुक्यात शेती करतो आणि हुरड्याचे पैसे घेतो. खुलेआम घेतो. तुमच्या आजोबांच्या काळी ज्वारी घरोघर पिकत होती. आज रब्बीची ज्वारी लावतो किती जण? सोयाबीन निघालं की लोक हरभऱ्यावर जातात. गुळभेंडी, सुरती या हुरड्याच्या ज्वाऱ्या, त्यांचं कणीस कोवळं असताना खुडलं की त्या ताटाचं धान्य गेलं. दाणा भरायला लागला की पहाटेपासून पाखरं राखायला माणूस लागतो, त्याची मजुरी द्यावी लागते. गोवऱ्यांची आगटी, कणसं भाजणं, गरम असतानाच पोत्यावर चोळणं, सुपात पाखडणं. तळहात भाजतात. पुण्यात कॉफीला तीनशे मोजताना मातीची रीत आठवत नाही, आमच्या शेतात आल्यावरच आठवते का?

पुणेस्थित औसेकर
भाषा जपून. शेतकऱ्याला पैसे मिळू नयेत असं मी कुठं म्हणालो? धंदा म्हणा, पण मग त्याला 'गावाकडचं आदरातिथ्य' म्हणून जाहिरात करू नका. तिथं स्पीकरवर रिमिक्स गाणी लावली होती आणि हुरड्यासोबत पावभाजी होती.

गोदेकाठची लेक
औसेकर दादा, तुमच्या आजोबांच्या शेतात अख्खं गाव जेवायचं, ते खरं असेल. पण चटणी कोण वाटत होतं? आमच्या वाड्यात हुरड्याच्या दिवशी आई आणि दोन्ही काकू पहाटे उठायच्या. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दह्याची गाडगी, सगळं बैलगाडीत भरायचं. मग दिवसभर बसून कणसं चोळायची. त्यांच्या वाट्याला शेवटचा, गार झालेला हुरडा यायचा, चोथ्यासारखा. पाव्हणे म्हणायचे 'काय आदरातिथ्य!' आणि मान मिळायचा आमच्या आजोबांना. आज माझी चुलत वहिनी बचत गटातून हुरड्याचं जेवण देते, हिशोब ठेवते, पैसे तिच्या खात्यात जातात. मला ही रीत आवडते.

नांदेडी
ताई, एकदम बरोबर बोललात.

सह्यकडा
मूळ प्रश्न काय होता आणि आपण कुठं आलो! पण ताईंचं हे पटलं, नाइलाजानं का होईना.

पुणेस्थित औसेकर
ताई, माझ्या आजीबद्दल तुम्हाला काय माहीत? ती स्वतः पुढं होऊन वाढायची. प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधायचा म्हणलं तर सापडतोच. पावभाजी आणि स्पीकरचं उत्तर मात्र कुणीच दिलं नाही.

गुळभेंडी
ते मी देतो. स्पीकर मला पण नको. माझ्याकडे नाही. येणारे लोकच मागतात, 'गाणी नाहीत का?' म्हणून. मी नाही म्हणलं की शेजारच्या ठिकाणी जातात. तुमच्यासारख्यांनी शांत शेत मागितलं तर शांत शेतं वाढतील. आणि पावभाजी कुणी ठेवली असेल तर त्याच्या पोटाकडे पण बघा, चार वर्षांत दोनदा पाऊस दगा देतो आमच्याकडे. तरी हुरड्याबरोबर पावभाजी ही मलाही न पटणारी गोष्ट आहे, एवढं तुमचं मान्य.

बालाघाटी
सह्यकडा, संडासाचा मुद्दा मी घेतो. त्यासाठी पुरातत्त्व खात्याला, पर्यटन महामंडळाला आपण सगळ्यांनी लिहायला पाहिजे. पण 'पाहायला आहेच काय' आणि 'सोय नाही' या दोन निराळ्या तक्रारी आहेत. तुम्ही पहिली लिहिली होती. ती वाचून लोक येत नाहीत, लोक येत नाहीत म्हणून कुलूप निघत नाही.

सह्यकडा
ठीक आहे, 'सोय नाही' असं लिहायला हवं होतं म्हणा. पण माणसं आधी यावीत, मग कुलूप काढू, हे मला मंजूर नाही. कुलूप आधी निघालं पाहिजे. आणि मे महिन्यात तुमच्या नळदुर्गाला या असं कुणाला सांगू नका, बोरी तेव्हा कोरडी असते.

बालाघाटी
मेमध्ये कुणी सांगितलंच नाही. ऑगस्ट ते फेब्रुवारी हेच आपले महिने, आणि धबधब्यांसाठी तर धरण भरल्याची बातमी आल्यावरच निघायचं.

गोदेकाठची लेक
मूळ प्रश्न विचारणाऱ्या ताईंसाठी : पहिला दिवस संभाजीनगर, सकाळी दौलताबाद बघा पण सासूबाईंना वर चढवू नका, खालचा चाँदमिनार आणि मेंढा तोफेपर्यंत पुरे. किल्ल्यातली अंधारी, म्हणजे काळोखा भुयारी रस्ता, मुलांना आवडते, टॉर्च न्या. दुसरा दिवस पूर्ण वेरूळ आणि घृष्णेश्वर. तिसरा अजिंठा. चौथा पैठण-जायकवाडी. सोमवार-मंगळवार बघून आखा. परतताना वाकडी वाट चालणार असेल तर कुंथलगिरीचा पेढा घ्या, खराखुरा खव्याचा असतो. स्वच्छतागृहं मी जाऊन आल्यावर ठिकाणागणिक इथेच लिहीन, कुठं उघडं होतं आणि कुठं कुलूप.

नांदेडी
चारी दिवस पुन्हा तिकडंच! ताई, निदान पाचवा दिवस काढा, नांदेडला या.

गुळभेंडी
कुंथलगिरीला येणार असाल तर आमचं गाव लांब नाही. शेत शांत आहे, बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलंय, चावी लागत नाही. पैसे मात्र घेणार.

पुणेस्थित औसेकर
गुळभेंडी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझं कुटुंब येतंय. फोन नंबर खासगीत द्या. सुरतीच हवा.