मदत हवी आहे: कोबाल्ट-क्रोमियम-प्लॅटिनमच्या थराची कोअर्सिव्हिटी ३५० ओर्स्टेडच्या वर जात नाही

तिसरा_थर

सर्वांना नमस्कार. कोबाल्ट, क्रोमियम आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूत सिलिकॉन डायऑक्साइड मिसळलेल्या टार्गेटपासून मी मॅग्नेट्रॉन स्पटरिंगने (निर्वातात टार्गेटचे अणू उडवून ते नमुन्यावर बसवण्याच्या पद्धतीने) २० नॅनोमीटर जाडीचा थर बसवत आहे. हार्ड डिस्कच्या तबकडीवर असतो तसा, उभ्या (म्हणजे चुंबकन थराच्या पातळीला काटकोनात असलेल्या) चुंबकीय नोंदीस योग्य असा थर मिळावा, एवढाच हेतू आहे. अशा थराची कोअर्सिव्हिटी, म्हणजे पाठ्यपुस्तकातील निग्राहिता (चुंबकन शून्यावर आणायला लागणारे उलटे क्षेत्र), ४,००० ते ५,००० ओर्स्टेड असते असे वाचले आहे. मला मात्र पाच वेळा प्रयोग करूनही ३५० च्या वर काही मिळालेले नाही. टार्गेट नवे आहे, निर्वात चांगला आहे आणि बाकी सर्व नेहमीप्रमाणेच आहे. सोमवारी मार्गदर्शकांना आलेख दाखवायचा आहे, त्यामुळे कृपया थेट उपाय सांगावा. चुंबकत्व म्हणजे काय येथून सुरुवात करू नये.

उभा_अक्ष

आपले ‘नेहमीप्रमाणे’ आम्हाला येथून दिसत नाही. थर कशावर बसवला आहे, मधे दुसरा कोणता थर आहे का, नमुना तापवला होता का, आर्गॉनचा दाब किती होता आणि मोजणीच्या वेळी क्षेत्र थराच्या पातळीत होते की तिला काटकोनात, या पाच गोष्टी सांगितल्याशिवाय कोणीही जे सांगेल तो अंदाजच असेल. कमाल क्षेत्र किती दिले होते, हेही लिहावे.

लोहकण

माझे बरेचसे आयुष्य चुंबकीय फितीच्या लेपात गेले, म्हणून त्या बाजूने लिहितो. फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ मध्ये कागदाच्या पट्टीवर लोहभुकटी चिकटवली, तेव्हापासून या व्यवसायाचे मुख्य काम एकच राहिले आहे: प्रत्येक कणाला शेजारच्या कणापासून अलग ठेवणे. गॅमा फेरिक ऑक्साइडच्या सुईसारख्या कणांची कोअर्सिव्हिटी त्यांच्या लांबट आकारातून येते हे खरे. पण कण दळताना नीट सुटे झाले नाहीत आणि गठ्ठ्यानेच राहिले, तर तीच भुकटी निकृष्ट फीत देते. आमच्याकडे अलग ठेवण्याचे काम बाइंडर (कण बांधून धरणारा चिकट पदार्थ) करीत असे, तुमच्या थरात ते सिलिकॉन डायऑक्साइडने करायचे आहे. माझ्या मते ऑक्साइडचे प्रमाण वाढवा, आकडा आपोआप वर येईल.

निवृत्त_तबकडी

लोहकण यांच्या फितीबद्दल आदर आहे. परंतु स्पटर केलेली तबकडी म्हणजे लेप नव्हे. आम्ही १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात लेपाच्या तबकड्या सोडून पातळ थरांकडे वळलो, त्या वेळी पहिला धडा हाच शिकलो की नमुना तापवल्याशिवाय क्रोमियम कणांच्या सीमेकडे सरकत नाही, आणि ते सरकल्याशिवाय कोबाल्टचे कण एकमेकांपासून सुटत नाहीत. त्यामुळे माझा सल्ला साधा आहे: तापमान वाढवावे. २०० अंश सेल्सिअसच्या खाली असाल तर दुसरे काही शोधण्याची गरज नाही.

उभा_अक्ष

काका, आपण सांगता ते ऑक्साइड नसलेल्या मिश्रधातूंसाठी शंभर टक्के खरे आहे. पण येथे वेगळे करण्याचे काम ऑक्साइडकडे आहे. ते करवून घ्यायचे तर नमुना तापवू नये आणि आर्गॉनचा दाब जास्त ठेवावा, म्हणजे येणारे अणू पृष्ठभागावर फार हिंडत नाहीत, उंचवट्यांच्या सावलीत फटी राहतात आणि ऑक्साइड त्या फटींत जाऊन बसतो. तापवल्यास अणूंना हिंडायला बळ मिळते, कण मोठे होऊन एकमेकांना भिडतात.

लोहकण यांच्या उपायाबद्दलही एक सांगतो. ऑक्साइड प्रमाणाबाहेर गेला तर तो सीमेवर न राहता कणाच्या आतही शिरतो, कण बारीक होतात आणि खोलीच्या तापमानालाच त्यांचे चुंबकन डळमळू लागते. कणाची अनायसोट्रॉपी ऊर्जा (चुंबकन एका अक्षाला धरून ठेवणारी ऊर्जा) औष्णिक ऊर्जेच्या सुमारे साठपट असल्याखेरीज नोंद दहा वर्षे टिकेल असे मानत नाहीत, आणि ही ऊर्जा कणाच्या आकारमानाच्या प्रमाणात असते.

भटका_वाचक

माझ्याही हार्ड डिस्कमधून काही दिवस टकटक असा आवाज येत होता. अशा वेळी ती वारंवार चालू-बंद करू नये आणि झाकण तर मुळीच उघडू नये, कारण वाचणारे हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवरच तरंगत असते आणि धुळीचा एक कणही थर खरवडून काढू शकतो. आधी दुसरीकडे प्रत घ्यावी.

तिसरा_थर

भटका_वाचक यांचे आभार, परंतु माझ्याकडे खराब झालेली डिस्क नाही. अजून डिस्कच नाही, फक्त थर आहे.

उभा_अक्ष यांनी विचारले म्हणून लिहितो, जरी यात काही विशेष आहे असे मला वाटत नाही. तळाशी सिलिकॉनची चकती आहे. त्यावर नेहमीचा ६० नॅनोमीटरचा क्रोमियमचा थर आहे, तो २५० अंशांवर बसवतो आणि त्याच तापमानाला वरचा थर देतो. दाब ०.४ पास्कल. ही कृती आमच्या प्रयोगशाळेच्या जुन्या वहीत आहे आणि तिने आधीच्या विद्यार्थ्यांना उत्तम परिणाम दिलेले आहेत. मोजणी व्हीएसएमवर (नमुना कंपित करून चुंबकन मोजणाऱ्या यंत्रावर) केली, क्षेत्र अर्थातच काटकोनात, कमाल १०,००० ओर्स्टेड. सिलिकॉनचा प्रतिचुंबकीय वाटा वजा केला आहे. लूप, म्हणजे क्षेत्र आणि चुंबकन यांचा आलेख, चौकोनी येण्याऐवजी तिरपा आणि चिंचोळा येतो. कोबाल्टचा सी-अक्ष (स्फटिकाचा तो अक्ष ज्या दिशेला चुंबकन सहज राहते) उभा आहे याबद्दल शंका नसावी, कारण एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) ४४ अंशांच्या जवळ शिखर स्पष्ट दिसते.

लंबकोन

लूप तिरपा आहे म्हणता, यातच सगळे आले. पातळ थराला काटकोनात चुंबकित केले की त्याचे स्वतःचे विचुंबकन क्षेत्र विरुद्ध दिशेने उभे राहते. ते हिशेबात धरून आलेख दुरुस्त करा, खरी कोअर्सिव्हिटी बाहेर येईल. मी असे अनेक आलेख सरळ केले आहेत.

उभा_अक्ष

ही दुरुस्ती लूपचा उतार बदलते, कोअर्सिव्हिटी बदलत नाही. विचुंबकन क्षेत्र त्या क्षणीच्या चुंबकनाच्या प्रमाणात असते, आणि कोअर्सिव्हिटी आपण वाचतो ती चुंबकन शून्य असलेल्या बिंदूवर. तेथे वजा करायला काही उरतच नाही. ३५० चे ३५०च राहतील.

लंबकोन

सैद्धांतिकदृष्ट्या मान्य आहे. तरी दुरुस्ती न करता आलेख मार्गदर्शकांसमोर ठेवणे मला योग्य वाटत नाही.

दावा_पहिला

मी पेटंटांच्या मसुद्यांचे काम करतो, म्हणून एक वेगळा मुद्दा मांडतो. या क्षेत्रातील शोध पाहिले तर नोंद ठेवणाऱ्या थरापेक्षा त्याच्या खालीवर काय ठेवले, यावरच अधिक दावे आढळतात. आयबीएमच्या १९५६ च्या रॅमॅक या हार्ड डिस्कच्या यंत्रात २४ इंची ५० तबकड्यांवर लोह-ऑक्साइडचा रंगासारखा एकच लेप होता. आजच्या तबकडीत चिकटून बसण्यासाठी एक थर, चुंबकीय प्रवाह परतवणारा मऊ (सहज चुंबकित होणारा) थर, दिशा देणारे थर, नोंदीचा थर, त्यावर हिऱ्यासारखा कठीण कार्बन आणि शेवटी जेमतेम एका नॅनोमीटरचे वंगण, अशी उतरंड असते. आयबीएमने २००१ मध्ये दोन चुंबकीय थरांमध्ये तीन अणूंच्या जाडीचे रुथेनियम घातले आणि नोंद टिकण्याची मर्यादा पुढे ढकलली. तेव्हा आपल्या कामात नवीनता कोणत्या थरात आहे, हे आधी ठरवावे. मऊ थर नसेल तर ‘उभ्या नोंदीचे माध्यम’ असा शब्दप्रयोगही सांभाळून करावा.

उभा_अक्ष

पेटंट कोणी विचारले नव्हते, आणि या मोजणीला मऊ थर नसणेच बरे, कारण त्याच्या प्रचंड चुंबकनाखाली २० नॅनोमीटरचा संकेत व्हीएसएमवर पार झाकून जातो. पण ‘खालीवर काय ठेवले’ हा मुद्दा या धाग्यावर बरोबर जागी पडला आहे. तिसरा_थर, आपल्या एक्सआरडीत ६४ ते ६५ अंशांच्या दरम्यान काही आहे का?

निवृत्त_तबकडी

मला उत्तर माहीत आहे, आणि आधी घाईने तापमान वाढवायला सांगितले याची थोडी लाज वाटते. धागाकर्त्याने खालच्या क्रोमियमच्या थराचा उल्लेख पहिल्याच संदेशात केला असता तर मी तेव्हाच ओळखले असते: ही कृती आमच्या काळातली, आडव्या नोंदीची आहे! तापलेल्या पृष्ठभागावर क्रोमियम आपल्या स्फटिकाचे २०० हे पृष्ठ वर करून वाढते. त्या पृष्ठावर कोबाल्ट बसला की त्याचा सी-अक्ष थराच्या पातळीत लोळतो, आणि आम्हाला तेच हवे असे, कारण आमचे बिट वर्तुळाकार मार्गाच्या दिशेने आडवे पडलेले असत. वहीतील आधीच्या विद्यार्थ्यांना ‘उत्तम परिणाम’ मिळाले असतील, पण ते पातळीत मोजलेले असणार.

४४ अंशांच्या शिखरावर विसंबू नये. क्रोमियमच्या ११० पृष्ठाचे शिखर ४४.४ अंशांना येते, म्हणजे कोबाल्टच्या उभ्या अक्षाचे शिखर जेथे शोधायचे, बरोबर त्याच जागी. शिवाय प्लॅटिनम मिसळल्यावर कोबाल्टची जाळी फुगते आणि त्याचे शिखर ४३ कडे सरकते. क्रोमियमचे २०० मात्र ६४.६ च्या आसपास एकटे उभे असते. ते तेथे असेल तर खटला संपला.

तिसरा_थर

६४.५ अंशांना शिखर आहे, आणि ते ४४ च्या शिखराहून मोठे आहे. ते सिलिकॉनच्या चकतीचे असावे असे समजून मी आलेखाचा तो भाग कापला होता.

उभा_अक्ष

सिलिकॉनची ही चकती नेहमीची असेल तर तिचे शिखर ६९ अंशांना येते. कृपया तोच नमुना क्षेत्राला समांतर बसवून पुन्हा मोजावा. नवीन थर बसवायची आज गरज नाही.

सोपा_मार्ग

एवढ्या खटाटोपापेक्षा लोह-प्लॅटिनम घ्यावे. क्रमबद्ध रचनेतील त्या मिश्रधातूची अनायसोट्रॉपी कोबाल्टच्या मिश्रधातूंहून कितीतरी अधिक आहे, आणि उष्णतेच्या साहाय्याने लिहिणाऱ्या नव्या डिस्क त्यावरच उभ्या आहेत. कोअर्सिव्हिटीची चिंताच मिटेल.

निवृत्त_तबकडी

चिंता मिटत नाही, उलटी होते. त्या थराची कोअर्सिव्हिटी खोलीच्या तापमानाला इतकी मोठी असते की लिहिणाऱ्या हेडचे क्षेत्र पुरे पडत नाही, आणि म्हणूनच लेसरने जागा क्षणभर क्युरी तापमानाजवळ (जेथे चुंबकत्व नाहीसे होते) नेऊन लिहावे लागते. शिवाय ती क्रमबद्ध रचना यायला सर्वसाधारणपणे ५०० अंशांच्या वर तापवावे लागते. धागाकर्त्याच्या तापकाची मर्यादा काय आहे?

तिसरा_थर

४०० अंश. त्यामुळे तो मार्ग बंद आहे.

समांतर मोजणी झाली. कोअर्सिव्हिटी १,६५० ओर्स्टेड आली आणि लूप बऱ्यापैकी भरलेला आहे. म्हणजे थर वाईट नव्हता, आडवा होता, आणि मी त्याच्या कठीण दिशेत मोजून त्यालाच दोष देत होतो. सुरुवातीला तुटकपणे लिहिले त्याबद्दल दिलगीर आहे. आता अक्ष उभा करण्यासाठी रुथेनियम लागते असे वाचले, परंतु आमच्याकडे ते टार्गेट नाही आणि सोमवारपर्यंत येणारही नाही. टँटलम, टायटॅनियम, प्लॅटिनम आणि सोने आहे.

लोहकण

म्हणजे ऑक्साइड वाढवायची गरज नाही तर. आमच्या फितीतही ओला लेप सुकण्यापूर्वी चुंबकीय क्षेत्रातून नेऊन सुया एका दिशेला लावीत असत. ते राहिले तर उत्तम भुकटीचेही मातेरे होई. मी अलगपणावर बोललो, दिशेवर बोलायला हवे होते.

निवृत्त_तबकडी

टायटॅनियम वापरा. कोबाल्ट-क्रोमियमवर उभ्या नोंदीचे सुरुवातीचे बरेच काम टायटॅनियमवरच झाले. त्याची रचना कोबाल्टसारखीच षट्कोनी आहे, ते स्वतःचा अक्ष उभा ठेवून वाढते आणि कोबाल्ट त्याचे अनुकरण करतो. जपानी संशोधक इवासाकी यांनी १९७७ च्या सुमारास उभ्या नोंदीसाठी कोबाल्ट-क्रोमियम पुढे आणले तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी हे कारखान्यात कधी येणार नाही असे म्हटले होते. पहिली अशी डिस्क बाजारात यायला २००५ उजाडले खरे, पण आमचा अंदाज चुकला.

उभा_अक्ष

टायटॅनियमची जाळी कोबाल्टहून फारच मोठी आहे. षट्कोनाची बाजू टायटॅनियममध्ये २.९५ अँगस्ट्रॉम, कोबाल्टमध्ये २.५१, रुथेनियममध्ये २.७१, आणि प्लॅटिनमच्या १११ पृष्ठावरील अणूंमधील अंतर २.७७. हाती असलेल्यांत रुथेनियमच्या सर्वांत जवळ प्लॅटिनमच आहे. आधी ५ नॅनोमीटर टँटलम द्यावे, म्हणजे प्लॅटिनम १११ पृष्ठ वर करून वाढेल. त्यावर १० नॅनोमीटर प्लॅटिनम आणि मग नोंदीचा थर. तापक बंद, आणि नोंदीच्या थराच्या वेळी दाब ४ ते ५ पास्कलपर्यंत वाढवावा.

एक इशारा मात्र आहे. प्लॅटिनम गुळगुळीत वाढते, त्यामुळे वरच्या कणांमधील फटी रुथेनियमवर पडतात तितक्या सहज पडणार नाहीत. रुथेनियम दोन टप्प्यांत बसवतात ते याचसाठी: कमी दाबाचा पहिला टप्पा दिशा ठरवतो, जास्त दाबाचा दुसरा टप्पा पृष्ठभाग खडबडीत करतो.

तिसरा_थर

टँटलम आणि प्लॅटिनमवर काल रात्री एक नमुना केला. तापक बंद, दाब ४.५ पास्कल. ६४ अंशांवर काही नाही, ४३ च्या किंचित खाली एकच शिखर. काटकोनातील कोअर्सिव्हिटी २,३०० ओर्स्टेड, समांतर दिशेत जेमतेम २००. लूप आता उभा आहे, पण शून्य ओलांडताना फार एकदम खाली कोसळतो.

उभा_अक्ष

तो कोसळणे म्हणजे कण अजून एकमेकांचा हात धरून आहेत. एक उलटला की शेजारचेही उलटतात. लंबकोन यांची दुरुस्ती आता कामाची आहे: मूळ आलेखाचा उतार सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) एककांत घेऊन त्याला ४ पायने गुणावे. उत्तर १ च्या जवळ आले तर कण सुटे, जितके वर तितके बांधलेले. सोमवारी दोन्ही दिशांचे लूप एकाच आलेखावर दाखवावेत, आणि पुढचा नमुना प्लॅटिनमचा दाबही वाढवून करावा.

लंबकोन

मी आधीच म्हटले होते.

तिसरा_थर

उत्तर ३.१ आले. प्लॅटिनम ४.५ पास्कलवर बसवायला आत्ताच घेतले आहे. वहीतील त्या पानाच्या वर ‘फक्त आडव्या नोंदीसाठी’ असे लाल शाईने लिहून ठेवले आहे.