चर्चा: राजकीय व्यंगचित्रकाराने राजकारण सोडलं तर तो पळ काढणं ठरतं का?

कुंचला:
२५ जून १९७५ ला आणीबाणी लागली आणि ३१ ऑगस्टला 'शंकर्स वीकली'चा शेवटचा अंक निघाला. शंकर (के. शंकर पिल्लई) यांचं हे राजकीय व्यंगचित्रांचं साप्ताहिक १९४८ पासून चाललेलं होतं. त्यानंतर १९८९ मध्ये निधन होईपर्यंत शंकर यांनी आपला वेळ मुलांची पुस्तकं, चित्रस्पर्धा आणि दिल्लीतलं बाहुल्यांचं संग्रहालय यांना दिला. यावर 'घाबरून गप्प बसले' असा शेरा मारला जातो. मला तो साफ चुकीचा वाटतो. मुलांचं काम हा म्हातारपणीचा विरंगुळा नव्हता. चित्रस्पर्धा १९४९ ची, म्हणजे साप्ताहिकाहून वर्षानेच धाकटी. मुलांची पुस्तकं काढणारा त्यांचा चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट १९५७ चा, संग्रहालय १९६५ चं. दोन्ही संसार पंचवीस वर्षं शेजारी शेजारी चालले. वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांनी त्यातला एक ठेवला. संपादक निवृत्त झाला की आपण त्याला निरोप देतो, व्यंगचित्रकाराकडून मात्र जाब मागतो. का?

टाकदौत:
सहमत नाही. वय मान्य, मुलांवरचं प्रेमही मान्य. पण ती तारीख कशी विसरायची? निरोपाच्या संपादकीयात हुकूमशाहीला हसणं परवडत नाही, असं त्यांनीच लिहिलं. म्हणजे कारण राजकीय होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

दुसरं असं की, एका माणसाने थांबणं वेगळं आणि शाळेला कुलूप लावणं वेगळं. अबू अब्राहम, कुट्टी, ओ. व्ही. विजयन, येसुदासन हे व्यंगचित्रकार या साप्ताहिकात काम करून गेले. दैनिकाला एकच व्यंगचित्रकार पुरतो आणि ती खुर्ची सहसा भरलेली असते. नवख्याची कच्ची रेषा छापून ती सुधारून घेणारी जागा साप्ताहिकातच मिळते. ती गेली.

आणि अबू थांबले नाहीत. १० डिसेंबर १९७५ च्या 'इंडियन एक्सप्रेस'मधलं त्यांचं चित्र आठवा. राष्ट्रपती बाथटबमध्ये बसलेत आणि सही केलेला वटहुकूम दारातून बाहेर देताहेत. अबू तेव्हा राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. त्यांची काही चित्रं सेन्सॉरने अडवली, तरी ते काढत राहिले.

अर्करेषा:
टाकदौत, अबूंचं उदाहरण दैनिकाचं आहे. ते साप्ताहिकाला लागू पडत नाही. दैनिकात एक चित्र अडलं तर त्या जागी बातमी बसवून पान सोडता येतं. ज्या अंकाचं अंगच चित्रांचं, त्यातली चार-पाच अडली तर अंक उभा राहत नाही. शिवाय लेटरप्रेसच्या (उठावाच्या खिळ्यांनी छापण्याच्या) काळात प्रत्येक रेषाचित्राचा झिंकचा ब्लॉक करावा लागे. सेन्सॉरकडून चित्र उशिरा परत आलं की ब्लॉकला वेळ उरत नाही.

माणसं हे काम का सोडतात, तेही पाहू. रोजच्या पॉकेट कार्टूनचा दिवस साधारण असा जातो: सकाळी पाच-सहा वर्तमानपत्रं, दुपारपर्यंत तीन-चार कच्च्या कल्पना, संपादकाशी बोलणं, संध्याकाळपर्यंत शाईचं काम. छापील चौकट एका कॉलमची, जेमतेम चार सेंटिमीटर रुंद. म्हणून मूळ चित्र दुप्पट-तिप्पट काढतात. ते लहान करताना दाट जाळीरेघांत (एकमेकींना छेदणाऱ्या रेघांत) शाई भरते आणि कोटाचा काळा डाग होतो, तर बारीक टाकाची रेघ मध्येच तुटते. हे सगळं सवयीने सांभाळता येतं. सांभाळता येत नाही ती वर्षाला तीनशे कल्पनांची मागणी. काही वर्षांत हात जुन्याच प्रतिमांकडे वळतो: बुडती बोट, डळमळती खुर्ची, दोरीवरची कसरत. नेत्याचं नाव बदलतं, चित्र तेच राहतं. वाचकाच्या आधी हे चित्रकाराला कळतं. त्या वेळी थांबणं हा वाचकाबद्दलचा आदर आहे, असं मी मानतो.

टाकदौत:
मग आर. के. लक्ष्मण? 'टाइम्स ऑफ इंडिया'तलं त्यांचं 'यू सेड इट' १९५१ पासून पाच दशकांहून जास्त चाललं. २००३ च्या पक्षाघातानंतरही त्यांनी रेषा सोडली नाही.

अर्करेषा:
लक्ष्मण हा अपवाद आहे. अपवादाला मापदंड केलं की बाकी सगळे खुजेच दिसणार.

जत्रावाला:
सोडून जाण्याचा आणखी एक प्रकार महाराष्ट्राला चांगला माहीत आहे. बाळ ठाकरे यांनी 'फ्री प्रेस जर्नल' या दैनिकातली व्यंगचित्रकाराची नोकरी सोडली, १३ ऑगस्ट १९६० ला भाऊ श्रीकांत यांच्यासह 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक काढलं आणि १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन केली. 'मार्मिक'मधली 'रविवारची जत्रा' ही व्यंगचित्रं पाहा. ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांच्या वळणाची जोरकस रेषा, गर्दी भरलेली तरी प्रत्येक चेहरा ओळखू येणारा. पण पक्ष काढल्यावर चित्रकाराची बसायची जागा बदलते. चौकटीत सगळे पक्ष येतात, आपला तेवढा येत नाही. माझ्या मते भाष्यकार तेव्हाच थांबला, हात चालू राहिला तरी. त्या मानाने शंकर यांचं जाणं स्वच्छ होतं.

आणि गेलेला परत येऊ शकतो. अमेरिकेचे व्यंगचित्रकार बिल मॉल्डिन यांना १९४५ चं पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळालं होतं. मधल्या काळात त्यांनी व्यंगचित्रं सोडली, १९५६ मध्ये अमेरिकी संसदेची (काँग्रेसची) निवडणूक लढवून हरले, १९५८ मध्ये सेंट लुईसच्या दैनिकात रुजू झाले आणि १९५९ मध्ये दुसरं पुलित्झर घेतलं. फक्त, परतणाऱ्याला मधल्या काळात वर आलेल्या नेत्यांचे चेहरे नव्याने बसवावे लागतात. वाचक नावाची चिठ्ठी न वाचता ओळखू लागेपर्यंत काही आठवडे जातात.

जपणूक:
मुद्दा थोडा बाजूचा, पण सोडणाऱ्यांचं खरं नुकसान इथे होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की नोकरीत असताना वर्तमानपत्र-मासिकासाठी काढलेल्या चित्रावर मालकाचा पहिला हक्क नियतकालिकातल्या प्रकाशनापुरता असतो. वेगळा करार नसेल तर बाकीचा हक्क, उदाहरणार्थ पुस्तकाचा, चित्रकाराचा. मुक्त चित्रकाराचा हक्क सहसा लेखी हस्तांतराशिवाय जात नाही. त्या हस्तांतराच्या कागदात मुदत नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश नसेल तर भारतापुरता. गडबड होते ती 'सर्व हक्क' असा मोघम कागद न वाचता सही केल्यामुळे.

मूळ चित्रांच्या मागे तारीख, नियतकालिक आणि प्रसंग दोन ओळींत मऊ पेन्सिलीने लिहावा. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं. सेलोटेप लावू नये, ती पिवळी पडून कागद खाते. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावं. प्रसंग लिहिला नाही तर दहा वर्षांनी घरच्यांनाही ते चित्र उलगडत नाही.

कुंचला:
जपणूक, हे फार मोलाचं. टाकदौत, तुमच्या शाळेच्या मुद्द्यावर एवढंच: शाळा बंद झाली नाही, तिचा विषय बदलला. पुलक बिस्वास यांच्यासारखे चित्रकार ट्रस्टच्या पुस्तकांतून घडले.

टाकदौत:
ते मुलांच्या पुस्तकांचे चित्रकार आहेत आणि उत्तम आहेत. पंतप्रधानांचं नाक कसं काढायचं हे तिथे शिकायला मिळत नाही. ट्रस्टकडे इंद्रप्रस्थ प्रेस हा स्वतःचा छापखाना होता. १९७७ मध्ये सेन्सॉर उठला, तेव्हा शंकर यांनी स्वतः एक रेघही काढली नसती तरी चाललं असतं. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन महिन्याला एक अंक निघाला असता. तो का निघाला नाही, याचं उत्तर तुमच्या निवृत्तीच्या मुद्द्यात मला सापडत नाही.