मोठ्या माणसांची एखादी बारीक सवय तुमच्या घरात आलीय का? (अनुभव धागा)

टिळकवाडीकर
परवा माळ्यावरची ट्रंक उतरवली. आजोबांच्या वह्या असतील असं वाटलं होतं, निघाली ती उलटी केलेली पाकिटं. टपालानं आलेलं पाकीट कडेनं उकलायचं, पसरायचं, आतल्या कोऱ्या बाजूवर लिहायचं आणि सुतळीत ओवून ठेवायचं. दुधाचा हिशोब, बियाण्याचे भाव, बाबांचे परीक्षेतले मार्क, सगळं त्यावर.

ही सवय गांधीजींची. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथंच. आजोबा तेव्हा पोरसवदा होते, पाणी वाटणाऱ्या पोरांत. भाषणातलं त्यांना काही आठवत नसे. पण गांधीजी वापरलेल्या कागदाची पाठसुद्धा वाया घालवत नाहीत हे कानावर पडलं आणि ते जन्मभर पाळलं.

गांधीजींचे सहकारी काका कालेलकर काही काळ बेळगावात शिकवायचे. त्यांची एक आठवण मला फार आवडते. गांधीजी पेन्सिलीचा एक तुकडा शोधत होते, अगदी छोटासा. कालेलकरांनी आपली पेन्सिल पुढं केली तर नको म्हणाले. मद्रासच्या एका लहान मुलानं प्रेमानं दिलेला तुकडा तो, हरवून कसं चालेल?

त्यांचं कर्तृत्व आपल्या आवाक्यात नाही. सवय असते. तुमच्याकडं कुणी अशी उचललीय का? सवडीनं लिहा.

निपाणीची लेक
आईचं सांगते. विड्या वळायची. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी कातरीनं कापायची, मग मांडीवर सूप. हात रिकामा नाही, म्हणून पुस्तक आम्ही वाचायचं मोठ्यानं आणि तिनं ऐकायचं. १९२५ साली निपाणीत बहिष्कृत वर्गाची परिषद झाली, अध्यक्ष बाबासाहेब. आमच्या गल्लीत ती गोष्ट घरची असल्यागत सांगतात. बाबासाहेब लंडनला ग्रंथालय बंद होईपर्यंत उठायचे नाहीत, हे आईनं कुठल्याशा जयंतीच्या भाषणात ऐकलेलं. त्यावरून तिनं नियमच केला, सुपातला जर्दा संपेपर्यंत वाचणाऱ्यानं उठायचं नाही. मी जांभई दिली की कातरीचा आवाज वाढायचा 😄 धाकटा भाऊ आज तालुक्याला नोकरीत आहे, वर्तमानपत्र अजून मोठ्यानंच वाचतो. बायको वैतागते.

कंग्राळीचा पैलवान
ताई १ नंबर 🙏

कंग्राळीचा पैलवान
आमच्या तालमीत वस्ताद नवीन पोराला टिळकांची गोष्ट सांगतात. तब्येत नाजूक होती म्हणून कॉलेजचं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून व्यायामच केला त्यांनी. पुढं मंडालेचा तुरुंग सोसला तो त्या शरीरावर, असं वस्तादांचं म्हणणं. १९१६ ला होमरूल लीग काढली ती पण आपल्या बेळगावात. मी पहाटे जोर मारताना टिळकांचं नाव घेऊन सुरू करतो. पोरं बजरंगबलीचं घेतात, मी दोघांचं घेतो. आनंदवाडीच्या कुस्तीच्या मैदानाला यंदा कोण कोण येणार हाय?

अनगोळ अण्णा
मी येणार की. पास मिळतोय काय बघ.

शाळेतल्या बाई (खानापूर)
सावित्रीबाई. मी जंगलपट्ट्यातल्या मराठी शाळेवर आहे, जांबोटीच्या पुढं. बस जिथं सोडते तिथून चालत जायचं. पावसाळ्यात ओढा आणि चिखल, शाळेत पोचेपर्यंत साडीचा काठ गुडघ्यापर्यंत लाल. पहिल्या पावसाळ्यात रोज रडू यायचं. मग वाटलं, सावित्रीबाई पिशवीत दुसरी साडी घेऊन निघायच्या. त्यांच्यावर लोक शेण टाकायचे, माझ्यावर फक्त पाऊस पडतो. तेव्हापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत एक सुती साडी, एक टॉवेल, जळवांसाठी मिठाची पुडी. शाळेच्या मागच्या खोलीत बदलते, ओली दोरीवर टाकते आणि हजेरी घेते. मुली विचारतात, बाई रोज दोन साड्या का? तेव्हा १८४८ सालची पुण्यातली शाळा सांगते. दरवर्षी नव्या मुली, दरवर्षी तोच प्रश्न. मला तो दिवस फार आवडतो.

निपाणीची लेक
बाई 😢 डोळ्यात पाणी आलं

वडगावचा मागवाला
थोडं वेगळं. मोबाईलवर येणाऱ्या सगळ्या गोष्टी खऱ्या मानू नका. ती दोन मेणबत्त्यांची, सरकारी कामाला एक आणि घरच्या कामाला दुसरी, मला विश्वेश्वरय्यांच्या नावानं आली, चाणक्याच्या नावानं पण आली. ज्यांची खरोखर लिहून ठेवलेली सवय आहे तीच घ्यावी, ती पुरेशी आहे. गांधीजींचं सोमवारचं मौन खरं. मी दर सोमवारी माग बंद झाल्यावर तासभर बोलत नाही. दिवसभर खटखट ऐकून कान भरलेले असतात, त्या तासात घरातले आवाज नीट ऐकू येतात. नातू त्या वेळेत मला कोडी घालतो, कारण मी उत्तर देऊ शकत नाही.

टिळकवाडीकर
काका, खरं आहे तुमचं. उजवा हात दुखायला लागला की गांधीजी डाव्या हातानं लिहायचे, हेही नोंदलेलं आहे.

येळ्ळूरचा शेतकरी
शेतात हाय, थोडक्यात लिहितो. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना पत्र हाय. रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल, गवताला आग लागेल, मग घोड्यांना चारा कुठला? शेतकऱ्याचे दाणे, गवत, भाजी उचलून आणू नका, बाजारातून विकत घ्या हे पण त्यातच. एवढा मोठा राजा, उंदराचा विचार करतो! आमच्या बाबांनी हे ऐकल्यापासून गवताच्या गंजीजवळ बिडी, काडीपेटी, काही न्यायचं नाही. गोठ्याचा दिवा घालवून हातानं चाचपून बघायचे, वात गार झाली काय. आता बल्ब हाय तरी मी झोपायच्या आधी वायर बघून येतो. पाऊस आला बघा, ठेवतो.

अनगोळ अण्णा
तुमच्याकडं पाऊस? इकडं ऊन पडूलालंय.

रिसालदार गल्ली
विवेकानंद १८९२ ला बेळगावात आले होते, आधी आमच्या गल्लीत भाटे वकिलांकडं उतरले, नंतर हरिपद मित्र नावाच्या बंगाली अधिकाऱ्याकडं. भाट्यांच्या मुलानं आठवणी लिहिल्यात. संन्यासी म्हणून घरचे बिचकत होते, तर स्वामीजींनी सरळ पान-सुपारी मागितली आणि मग तंबाखू! मला यातलं तंबाखूचं काही घ्यायचं नाही (वडिलांचा खोकला बघितलाय). पण लपवणं नाही, हे घेतलं. दुकानात गिऱ्हाईकाला जे नाही ते नाही सांगतो, दोन गिऱ्हाईकं गेली तरी. हरिपद मित्रांच्या आठवणीतलं दुसरं, स्वामीजींनी एका जाड कादंबरीतली पानंच्या पानं तोंडपाठ म्हणून दाखवली, आणि ती वाचलेली फक्त दोनदा. मुलीला सांगितलं तर म्हणते, बाबा तुम्ही मोबाईल खाली ठेवा आधी. ठेवतो रात्री जेवताना.

खानापूरची सून
गाडगेबाबा. खराटा. आमचे सासरे कुठल्याही गावी पाहुणे गेले तरी सकाळी उठून यजमानाचं अंगण झाडायचे. लग्नात सुद्धा. मांडवाच्या दारात वरपिता झाडतोय म्हणून मुलीकडचे घाबरले होते. नंतर माझ्या वडिलांनी दुसरा खराटा घेतला. भाजी करपतेय, बाकी नंतर

कंग्राळीचा पैलवान
लई भारी सासरे!

निपाणीची लेक
शाळेतल्या बाई, तुमच्या मुलींना गोष्टीची पुस्तकं चालतील? भावाची लहानपणीची पेटी भरून आहेत. आईला विचारलं, ती म्हणते लगेच दे.

शाळेतल्या बाई (खानापूर)
चालतील काय, धावतील! आमच्याकडं कपाट आहे, पुस्तकं कमी. पण निपाणीहून कशी येणार?

टिळकवाडीकर
निपाणीहून बेळगावला पाठवा, पुढं मी बघतो. सोमवारी कामासाठी खानापूरला जाणारच आहे.

रिसालदार गल्ली
माझ्या दुकानात ठेवा, गाठोडं बांधून देतो. वह्या पण आहेत थोड्या, एका बाजूनं कोऱ्या.

शाळेतल्या बाई (खानापूर)
मी साडेनऊच्या बसला असते, त्याआधी स्टँडवर भेटा. वरून प्लॅस्टिक घाला मात्र, ओढा आहे मध्ये.